सुभेदारांचे सोळाशे मीटर

कुंडलवरून कॅनॉलच्या कडेकडेने दोनेक मैल गेले की शेळकेमळ्याची शाळा येते. मैल हा शब्द सुरय्याबाईंचा. वर्गात त्या किलोमीटर शिकवत, पण घरी बोलताना त्यांच्या तोंडात मैलच यायचा. त्यांच्या लहानपणी मिरजेतली सगळी थोरली माणसे मैलातच चालायची आणि शेरातच दूध घ्यायची. ती माणसे गेली, शेर गेला, पण मैल काही बाईंच्या जिभेवरून उतरला नाही.

बाईंची नोकरी पस्तीस वर्षांची. त्यातली चौदा या मळ्यावर गेलेली. मे महिन्यात निवृत्ती. त्यामुळे त्या जानेवारीत चौथीला मापनाचा धडा शिकवायला घेतला, तेव्हा हा आपला शेवटचा मापनाचा धडा, हे त्यांच्या मनात होते. त्यांनी नेहमीप्रमाणे फळ्यावर ठळक अक्षरात लिहिले, एक किलोमीटर म्हणजे एक हजार मीटर. खाली दोन रेघा मारल्या. अकरा मुलांनी मान खाली घालून वहीत उतरवून घेतले.

शंभूराजने मान वर केली. हा वर्गातला सगळ्यात वात्रट.

"बाई, पण किलोमीटर केवढा असतोय?"

"हजार मीटर. आत्ताच लिहिलंस की."

"ते लिवलं वो. पण केवढा? दावा की."

वर्ग हसला. बाईही हसणार होत्या, पण त्यांना एक जुनी उत्तरपत्रिका आठवली. दहाएक वर्षे झाली असतील. याच वर्गात राजवर्धन नावाचा काटकुळा पोरगा होता. 'एक किलोमीटर म्हणजे किती?' या प्रश्नापुढे त्याने लिहिले होते, 'लय लांब'. बाईंनी ती उत्तरपत्रिका त्या वेळी दुसऱ्या शिक्षकांना दाखवली होती आणि दोघेही पोट धरून हसले होते. शून्य मार्क दिले होते. आज त्यांना वाटले, पोराने निदान डोळ्यांनी बघितलेले तरी लिहिले होते. आपण काय दाखवले? खडूच्या दोन रेघा.

"किलोमीटर न्हाई, पण सोळाशे मीटर दावता येतंय," राजनंदिनी म्हणाली. ही त्याच राजवर्धनची धाकटी बहीण. दोन वेण्या, आणि बोलायला लागली की समोरच्याचे पुरते ऐकून न घेणारी. "सुभेदार आबांचं ग्राउंड हाय की. पुलाच्या पांढऱ्या दगडापासनं मोटरघराच्या पांढऱ्या दगडापतूर. दादा रोज पळतोय."

ते ग्राउंड म्हणजे कॅनॉलच्या भरावावरचा सरळ मातीचा रस्ता. केरबा सुभेदार पलटणीतून पेन्शनीत आले, त्याला नऊ वर्षे झाली होती. आल्या आल्या त्यांनी पहिले काम हे केले. भरतीत सोळाशे मीटर पळावे लागते. मळ्यावरची पोरे ऊस आणि द्राक्षबागांतून वाटेल तशी पळायची. सुभेदारांनी कॅनॉलवर सोळाशे मीटर मोजले, दोन्ही टोकांना दगड रोवले, चुना फासला. रोज पहाटे शिट्टी घेऊन ते पुलावर उभे राहायचे. त्या रस्त्यावर पळून सहा पोरे फौजेत गेली. सुभेदारांचा शब्द मळ्यावर कोणी खाली पडू देत नसे.

राजवर्धनही तिथेच पळायचा. पंचक्रोशीत त्याच्यासारखा पळणारा नाही असे सुभेदार म्हणायचे. भरतीला साडेपाच मिनिटे मिळतात आणि हा पठ्ठ्या कॅनॉलवर पाच मिनिटे अठरा सेकंदांत पोचायचा. पण भरतीच्या मैदानात दोनदा गेला आणि दोनदा परत आला. वेळ संपली की तिथे धावपट्टीवर आडवा दोर धरतात. दोराच्या अलीकडचे घरी, पलीकडचे पुढे. दोन्ही वेळेस दोर त्याच्या तोंडासमोर पडला होता.

"पोरगं पळतंय, पण छाती न्हाई," लोक म्हणू लागले. पारावर त्याच्या तोंडावर म्हणू लागले. वडील आकाराम तर जेवताना म्हणायचे, "कॅनॉलवर वाघ आन् ग्राउंडात शेळी."  राजवर्धनलाही ते खरे वाटू लागले होते. आपण ऐनवेळी भितो. आपले पाय मैदानात गेले की गळतात. फेब्रुवारीच्या अखेरीस कोल्हापूरला पुन्हा भरती होती आणि वयाच्या अटीत बसणारी त्याची ही शेवटची होती.

बाईंना हे सगळे ठाऊक होते. मळा लहान, कुणाच्या घरात काय शिजते ते शाळेपर्यंत येतेच. पण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात राजवर्धन नव्हता. डोक्यात एवढेच होते की पोरांना सोळाशे मीटर डोळ्यांनी दाखवायचे.

"शनिवारी सकाळची शाळा आहे," त्या म्हणाल्या. "सगळे कॅनॉलवर जाऊ. आपण मोजूनच बघू सोळाशे मीटर केवढे असतात ते."

मोजायला काय घ्यायचे, यावर वर्गात अर्धा तास भांडण झाले. शाळेचा टेप तीन मीटरचा. शंभूराज म्हणाला, दावं आणतो, म्हशीचं. बाईंनी मान हलवली.

"दोर ओढला की वाढतो. सकाळी दहिवरानं आखडतो, दुपारी सैल पडतो. तारच पाहिजे."

हे त्यांना कोणत्या पुस्तकाने शिकवलेले नव्हते. त्यांचे वडील दस्तगीर मिरजेत तंबोरे करायचे. कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. आढ्याला भोपळे टांगलेले, जमिनीवर लाकडाचा भुसा, आणि खुंटीला मापाच्या पितळी तारांची जुडी. प्रत्येक मापाची वेगळी तार. अब्बा सुताला हात लावायचे नाहीत. ती खोली आता नाही, तिथे औषधांचे दुकान झाले आहे, पण बाईंच्या नाकात तो लाकडाचा आणि लाखेचा वास अजून होता.

मळ्यावरच्या एका बांधकामावरून लोखंडी तार आली. गवंड्याच्या पोलादी टेपने वर्गाच्या फरशीवर बरोबर दहा मीटर मोजून, दोन्ही टोकांना कड्या वळून, पोरांनी आपली तार केली. मग बाईंनी पद्धत सांगितली. दोघांनी टोके धरायची. तार ताणायची, पण जमिनीला लागून. पुढच्या टोकाला खुंटी ठोकायची, तार उचलून त्या खुंटीपासून पुन्हा लावायची. आणि दर खेपेला राजनंदिनीने डब्यात एक चिंचोका टाकायचा.

"सोळाशे मीटरला चिंचोके किती होतील?"

"एकशे साठ!" अकरा जण ओरडले.

शनिवारी सकाळी सातला वरात निघाली. उसाला तोड आली होती, बैलगाड्या चालल्या होत्या. गाडीवान विचारायचे, "काय बाई, जिमीन मोजाय काढली का काय?" आणि शंभूराज सांगायचा, "व्हय, तुमचीबी मोजू का?"

पुलापासून सुरुवात झाली. पहिल्या वीस खेपांत निम्मा वेळ भांडणात गेला, खुंटी तिरपी आहे, तार ढिली आहे. मग हात बसला. पन्नासच्या पुढे तर पोरे कवायत केल्यासारखी चालू लागली. शंभर झाले तेव्हा बाईंनी सगळ्यांना मागे वळून बघायला लावले.

"हे बघा. हा एक किलोमीटर."

पोरे बघत राहिली. पुलावरचा माणूस तिथून मुंगीएवढा दिसत होता.

"लय लांब हाय की वो," कुणीतरी हळूच म्हणाले.

मोटरघराच्या दगडाशी पोचल्यावर डबा उपडा केला. चिंचोके मोजले. पुन्हा मोजले. एकशे बावन्न. आणि वर टेपने मोजलेले चार मीटर.

"एकशे साठ व्हायला पाहिजेत," बाई म्हणाल्या.

"एकशे बावन्नच हायेत," राजनंदिनी म्हणाली.

"मग आठ वेळा टाकायचा विसरलीस. बोलण्याच्या नादात असतेस तू."

"न्हाई बाई. मी एकबी इसरलो न्हाई."

"मग सुभेदारसाहेब चुकले? नऊ वर्षं अख्खं गाव पळतंय तिथं."

पोरीने ओठ घट्ट मिटले. डोळ्यांत पाणी आले, पण तिने मान खाली घातली नाही. "मी चुकलो न्हाई," ती पुन्हा म्हणाली. बाई दमल्या होत्या, ऊन वाढले होते. "बरं, असू दे. वहीत एकशे साठ लिहा," त्या म्हणाल्या आणि सगळ्यांना घेऊन परत फिरल्या.

घरी जाऊन जेवल्या, आडव्या झाल्या, पण झोप लागेना. पोरीचा चेहरा पुढे येत राहिला. आणि त्या चेहऱ्यामागून दुसरी एक मुलगी. आठ वर्षांची, फ्रॉक घातलेली, हातात पितळी तार. एकदा तिने अब्बांना सांगितले होते, या तंबोऱ्याची दांडी डावीकडे बोटभर जास्त आहे. कारखान्यातले कारागीर हसले. अब्बा म्हणाले, चल, खेळ जा. ती हलली नाही. शेवटी अब्बांनी चष्मा लावला, तार घेतली, स्वतः मोजले. मग सगळ्यांसमोर म्हणाले होते, "पोरीचं माप खरं आहे. आपलं खोटं." पन्नास वर्षे होत आली त्याला. अब्बा काही त्यानंतर कधी मोठे कौतुक करणारे नव्हते, पण त्या एका वाक्यावर बाईंनी आयुष्य काढले होते.

आणि आज आपण पोरीला काय म्हणालो? एकशे साठ लिहा.

रविवारी सकाळी बाई राजनंदिनीच्या दारात उभ्या होत्या.

"चल. तू, मी आणि शंभूराज. आज चिंचोके माझ्याकडे."

आधी बाईंनी गवंड्याच्या टेपने तार पुन्हा तपासली. दहा मीटर, केसाचाही फरक नाही. मग तिघे निघाले. बाईंनी एकही शब्द न बोलता मोजले. वाटेत कुणी हाक मारली तरी वर बघितले नाही. मोटरघरापाशी डबा उपडा केला.

एकशे बावन्न. वर चार मीटर.

राजनंदिनी बाईंकडे बघत राहिली.

"तुझं माप खरं आहे," बाई म्हणाल्या. "माझं खोटं. उद्या वर्गात सगळ्यांसमोर सांगते."

शंभूराज मात्र दुसराच हिशेब करत होता. बोटांवर मोजत होता. "म्हंजे एक हजार पाचशे चोवीस. म्हंजे शहात्तर मीटर कमी हाय." मग त्याचे तोंड उघडेच राहिले. "बाई... म्हंजे हिचा दादा..."

बाईंच्याही ते तेव्हाच डोक्यात आले.

सोमवारी बाईंनी वर्गात कबुली दिली आणि मग फळ्यावर एकच गणित मांडले. राजवर्धनला शंभर मीटर पळायला साधारण एकवीस सेकंद लागतात. मग राहिलेल्या शहात्तर मीटरला किती? पोरांनी वह्या काळ्या केल्या. कुणी वीस आणले, कुणी दहा. शेवटी सगळे सोळावर येऊन थांबले. पाच मिनिटे अठरा सेकंदांत सोळा मिळवले. पाच चौतीस.

"साडेपाचला चार सेकंद जास्त," राजनंदिनी म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "दादा म्हणतोय, दोर वीसेक मीटर पुढं पडला. चार सेकंदांत दादा वीस मीटर पळतोय, बाई."



आता प्रश्न होता सुभेदारांना सांगायचे कुणी. याआधी एकाने तोंड उघडले होते. मागच्या वर्षी एका पोराच्या मोबाईलने पंधराशे तीस दाखवले होते. तेव्हा सुभेदार गरजले होते, "मोबाईल गेलाय का कवा पलटणीत? परेड केलीया का त्यानं?" पोरगा पुन्हा मोबाईल घेऊन ग्राउंडवर आला नव्हता. आणि मोटरसायकलचा काटा दीड किलोमीटर दाखवायचा, तर दीडच्या पुढचे कोण बघतो.

बाई स्वतः गेल्या. बरोबर अकराही पोरे. सुभेदार अंगणात कडुलिंबाखाली बसले होते. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण पीळ तसाच होता. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितले.

सुभेदारांचा चेहरा लाल झाला. "बाई, तुमी शिकवणाऱ्या. तुमचा मान हाय. पर पलटणीचं कदम तीस इंची असतंय. म्या एकवीसशे कदम मोजल्यात. एकदा जाताना, एकदा येताना. दोनी टायमाला बराबर. एकवीसशे गुणिले तीस इंच करा, किती येत्यात ते बघा."

"सोळाशे मीटरच येतात," बाई म्हणाल्या. "हिशेब तुमचा बरोबर आहे."

"मग?"

 राजनंदिनी पुढे झाली. तिने गवंड्याचा टेप अंगणात पसरला, एका टोकाला खडूने रेघ मारली.

"आबा, दहा कदम चालून दावा की. पलटणीतलं."

"आगं, हे काय पोरखेळ..."

"आवं दावा की, आबा. आमाला बघायचंय कदम कसं असतंय."

पोरांनी एकच गलका केला. सुभेदार उठले. धोतराचा सोगा सारखा केला, छाती पुढे काढली, हात मुठी आवळून झुलवले, आणि स्वतःच स्वतःला हुकूम देत चालले. एक, दोन, एक, दोन. दहाव्या कदमाला टाच ठोकून थांबले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. राजनंदिनी गुडघ्यावर बसली, टेप ओढत गेली, आणि टाचेपाशी वाचले.

"सात मीटर सव्वीस सेंटीमीटर."

"दहा कदम तीस इंची असते," बाई हळूच म्हणाल्या, "तर सात मीटर बासष्ट आले असते."

सुभेदार खाली बघत होते. कुठे बघत होते ते बाईंच्या लक्षात आले. त्यांच्या उजव्या गुडघ्याकडे. नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत बर्फावरून घसरून तो गुडघा दुखावला होता. त्याचीच पेन्शन घेऊन ते आले होते.

ते खाटेवर बसले. गुडघ्यावरून हात फिरवला. 

"डोक्यातलं कदम तीस इंचीच ऱ्हायलं, बाई," ते म्हणाले. "गुडघ्यानं कवा कळवलंच न्हाई मला." मग थोड्या वेळाने, "किती पोरं माघारी आली वो माझी. सहा गेली, पर माघारी आलेली किती. म्या त्यास्नी भित्रं म्हणलो. राजवर्धनला तर म्या सोता म्हणलो."

बाईंना वाटले, आता हा माणूस खचणार. पण पलटणीतला माणूस. तो उठला, खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवली आणि ओरडला, "ए शंभूराज! तुझी ती तार कुठाय? चल, आण. आन् पहार आण. आजच्या आज दगुड हलला पायजे."

राजवर्धन शेतातून धावत आला तेव्हा सगळे कॅनॉलवर होते. मोटरघराच्या पुढे उसाच्या बांधाजवळ सुभेदार स्वतः तारेचे टोक धरून उकिडवे बसले होते आणि राजनंदिनी त्यांना सांगत होती, "आबा, ताणा की. ढिली हाय." धाकटीने दादाला सगळे सांगितले, एका दमात, श्वास न घेता.

राजवर्धनने जुन्या दगडाकडे बघितले, नव्या दगडाकडे बघितले. मधल्या शहात्तर मीटर मातीकडे बघितले. मग तो हसायला लागला. हसता हसता खाली बसला.

"म्हंजे मी भ्यालो नव्हतो, आबा," तो म्हणाला.

"न्हाई रं गड्या," सुभेदार म्हणाले. "तू न्हाई. चूक माझी. आता ऊठ. पस्तीस दिस हायेत."

पण आता नुसता दगड हलवून चौथीचे समाधान होईना. त्यांना माप करायची चटक लागली होती. दर शंभर मीटरवर त्यांनी एक दगड रोवला, त्यावर चुन्याने आकडा घातला. एक ते सोळा. साडेपाच मिनिटांत यायचे तर शंभर मीटर किती सेकंदांत, हे गणित त्यांनी फळ्यावर केले. वीस सेकंद धरले तर पाच वीस. दहा सेकंद हाताशी राहतात. मग रोज पहाटे शाळेच्या आधी एकेक पोर एकेका दगडापाशी उभे राहू लागले. सुभेदार पुलावरून शिट्टी मारायचे, आणि पोरे मोठ्याने सेकंद मोजत राहायची. राजवर्धन दगडापाशी आला की ओरडायची, "दादा, एक जास्त!" किंवा "दादा, दोन कमी, दमानं!"

तेव्हा कळले की हा पोरगा पहिले चारशे मीटर जिवाच्या आकांताने पळतो आणि बाराशेच्या पुढे पाय ओढतो. नुसते दोन दगड होते तेव्हा हे कुणाला दिसले नव्हते. पहिल्या दिवशी तो पाच मिनिटे छत्तीस सेकंदांत पोचला आणि नव्या दगडापाशी गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला. आठवड्याने पाच बत्तीस. मधे तीन दिवस पाऊल पुढे पडेना, पाच एकतीसवरच घोडे अडले. आकाराम पहिल्यांदाच कॅनॉलवर आला, बाराव्या दगडापाशी उभा राहिला आणि पोरगा समोरून जाताना म्हणाला, "पळ, माझ्या वाघा." दुसऱ्या दिवशी पाच अठ्ठावीस झाले.

त्या दिवशी मळ्यावर जो आरडाओरडा झाला तो कुंडलच्या बाजारापर्यंत गेला म्हणतात. गेला नसेल, पण बाईंना तसे सांगायला आवडायचे.

भरतीच्या दिवशी शाळा नेहमीसारखी भरली. प्रार्थना झाली. बाईंनी चौथीला वजनाचा धडा काढला, पण लक्ष कुणाचेच नव्हते, त्यांचे स्वतःचेही नव्हते. शंभूराज दर पाच मिनिटांनी "बाई, वाजले किती?" विचारत होता. टेबलावर मोबाईल उताणा ठेवला होता.

साडेदहाला तो वाजला. बाईंनी तो राजनंदिनीच्या हातात दिला. पोरीने कानाला लावला, दुसऱ्या हाताने दुसरा कान झाकला.

"दादा?... व्हय, मीच... मोठ्यानं बोल की... किती?"

बाकीची दहा पोरे बाकांवर उभी होती. बाईंना त्यांना खाली बसा म्हणायचे होते, पण म्हणाल्या नाहीत.

"पाच चोवीस!" राजनंदिनी किंचाळली. "पाच चोवीस! दोर मागं पडला! दादाच्या मागं!"

मग काय झाले ते सांगता यायचे नाही. पाट्या वाजल्या, बाके वाजली, पलीकडच्या वर्गातली पहिली-दुसरीची पिल्लेसुद्धा काय झाले ते न कळताच नाचायला लागली. बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि पदराआडूनच हसत राहिल्या. पस्तीस वर्षांत निकालाचे कितीतरी दिवस त्यांनी पाहिले होते, पण असा दिवस एकही नव्हता.

राजनंदिनीने अजून फोन सोडला नव्हता. "दादा, थांब. तिथलं ग्राउंड नीट मोजलेलं हाय न्हवं?" पलीकडून काहीतरी आले आणि ती खुदकन हसली. "म्हणतोय, पेपर आन् डॉक्टर बाकी हायेत, पर आता त्याला भ्या न्हाई."

तिने फोन ठेवला. क्षणभर विचार केला. मग वर्गाकडे वळून, बाईंच्याच आवाजात म्हणाली, "साडेपाचला सहा सेकंद राखून. मग दोर पडला तवा दादा दोराच्या किती मीटर पुढं होता?"

गलका तिथल्या तिथे थांबला. दहा डोकी वह्यांवर वाकली. कुणी म्हणाले एकशेवीस, त्याला शेजाऱ्याने कोपर मारले. बाई खडू घेऊन फळ्यापाशी गेल्या, पण लिहिले काहीच नाही. पोरे आपली आपण करत होती.

तेवढ्यात दारात सावली पडली. केरबा सुभेदार, टोपी तिरपी, हातात पेढ्यांचा पुडा, धापा टाकत. गुडघा ओढत सगळा कॅनॉल चालून आले होते. पोराबरोबर गेलेल्या आकारामने शाळेच्या आधीच त्यांना फोन केला असणार.

"बाई! आवं बाई! कळलं का तुमास्नी..."

"आबा, शूऽऽ!" शंभूराज वहीवरून मान न उचलता म्हणाला. "गणित चाललंय."

सुभेदारांनी बाईंकडे बघितले. बाईंनी हाताने मागचा बाक दाखवला. सुभेदार टोपी काढून, पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून, बाकावर अंग चोरून बसले आणि तीस मीटर हे उत्तर येईपर्यंत मुकाट्याने थांबले.